पंखामागचे भोवरे ओळखणारा अभियंता : फ्रेडरिक लँचेस्टर

नवी दिल्ली, ८ मार्च : विमानाचा पंख हवेत भार कसा पेलतो, याचा आज मान्य असलेला उलगडा सर्वांत आधी करणाऱ्यांमध्ये मोटारी बनविणाऱ्या एका इंग्रज अभियंत्याचा समावेश होतो. फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर हे त्यांचे नाव. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले.

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधील लुईशॅम येथे एका वास्तुविशारदाच्या घरी झाला. पदवी न घेताच त्यांनी शिक्षण संपविले आणि बर्मिंगहॅममधील गॅस इंजिनांच्या कारखान्यात नोकरी धरली. १८९२ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात जहाजाभोवती घिरट्या घालणाऱ्या सागरी कुरव पक्ष्यांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. पंख न हलविताही हे पक्षी तरंगत राहतात कसे, या प्रश्नाने त्यांना झपाटले. पक्ष्यांची मोजमापे घेऊन, १८९४ मध्ये लहान प्रतिकृती उडवून त्यांनी आपले तर्क पडताळले.

त्यांच्या मनात साकारलेले चित्र असे होते. पंखाखाली हवेचा दाब अधिक, तर वर कमी असतो. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा कडेवरून वर वळते आणि तिचा भोवरा बनतो. दोन्ही टोकांपासून असे दोन भोवरे मागे लांबत जातात. पंखाभोवती फिरणारा हवेचा प्रवाह आणि हे दोन भोवरे हा एकच अखंड दुवा आहे, हे लँचेस्टर यांनी ओळखले. भोवऱ्यांत खर्च होणारी ऊर्जा हीच हवेत तरंगण्याची किंमत होय. पंख जितके लांब, तितकी ही किंमत कमी. लांब, अरुंद पंखांचे समुद्रपक्षी दूरवर सहज तरंगतात, त्याचे एक कारण हेच.

१८९७ मध्ये पक्ष्यांच्या तरंगण्यावरील त्यांचा निबंध लंडनच्या फिजिकल सोसायटीने नाकारला. उड्डाणासाठी हलके, शक्तिशाली इंजिन बनविण्याचा त्यांचा मानस होता. मात्र अशा उद्योगाकडे कोणी गांभीर्याने पाहणार नाही, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी मोटारींकडे मोर्चा वळविला व १८९९ मध्ये बंधूंसह कंपनी स्थापन केली. मोटारी नावाजल्या गेल्या, पण भांडवलाअभावी १९०४ मध्ये कंपनी अडचणीत आली.

त्यानंतर १९०७ आणि १९०८ मध्ये उड्डाणशास्त्रावरील त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांत चित्रे व युक्तिवाद होते, पण गणिताची भक्कम मांडणी नव्हती. त्यांनी घडविलेली परिभाषाही वाचकांना परकी वाटली. ब्रिटनमधील गणितज्ञांनी हा सिद्धांत बराच काळ बाजूला ठेवला. १९०९ मध्ये सरकारच्या विमानविद्या सल्लागार समितीवर नेमणूक होऊनही या स्थितीत फारसा फरक पडला नाही.

जर्मनीत मात्र दाद मिळाली. १९०८ मध्ये लँचेस्टर गटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांना भेटले. गणितज्ञ कार्ल रुंगे यांनी दुभाष्याचे काम केले आणि पहिल्या ग्रंथाचा जर्मन अनुवादही सिद्ध केला. पंखामागील भोवऱ्यांचे गणित प्रांटल यांनी १९१८-१९ मध्ये पूर्णत्वास नेले आणि अभियंत्यांच्या हाती उपयोगाचे सूत्र आले. लँचेस्टर यांनी स्वतंत्रपणे महत्त्वाचे निष्कर्ष काढले होते, हे प्रांटल यांनी मोकळेपणाने मान्य केले.

मायदेशी सन्मान उशिरा मिळाले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर १९३१ मध्ये त्यांना अमेरिकेचे डॅनियल गुगेनहाइम पदक मिळाले. अखेरची वर्षे मात्र कंपवाताच्या आजारात आणि आर्थिक ओढाताणीत गेली.

त्यांनी ओळखलेले भोवरे आज प्रत्येक विमानतळावर हिशेबात धरले जातात. मोठ्या विमानामागील भोवऱ्यात लहान विमान सापडू नये, म्हणून दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर राखावे लागते. हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांच्या टोकांपासून हेच भोवरे मळसूत्राप्रमाणे खाली उतरतात. फडफडणारे पंखही प्रत्येक फटकाऱ्यासरशी भोवरे मागे सोडतात आणि थव्यातील मागचा पक्षी पुढच्याच्या भोवऱ्यालगत वर उसळणाऱ्या हवेचा आधार घेतो. गणिताअभावी दुर्लक्षिले गेलेले चित्र मुळात बरोबर होते, ही लँचेस्टर यांच्या आयुष्याची मोठी मिळकत ठरली.