तळहातावर मावणारी कीर्ती

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढला. मंडळाच्या शिवणवर्गात पुन्हा सुई ओवली, त्या दिवशी रोझाल्बा कॅरिएरा या इटालियन चित्रकर्तीची आठवण झाली. त्यांची हकीकत भगिनींना सांगावी असे तेव्हापासून मनात होते.

रोझाल्बाबाईंचा जन्म १६७३ साली व्हेनिस शहरी झाला. वडील कारकून, आई लेस विणणारी. तिघी बहिणींत या थोरल्या. घराला हातभार म्हणून त्या तपकिरीच्या डब्यांची झाकणे रंगवू लागल्या. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगाने माणसाचा चेहरा काढायचा. रंग इतका विरळ द्यायचा की खालचा हस्तिदंतच गालावरचे तेज व्हावा! त्यापूर्वी असली चित्रे बहुधा कमावलेल्या पातळ कातड्यावर काढीत. हस्तिदंत रूढ करण्यात या बाईंचा वाटा मोठा.

डब्यांवरची कारागिरी म्हणून कोणी नाक मुरडले असते. परंतु १७०५ साली रोमच्या चित्रकारांच्या अकादमीने त्यांना सन्मानाने सभासद करून घेतले, आणि त्यासाठी त्यांनी पाठविलेले चित्रही हस्तिदंतावरचेच होते: कबुतर घेतलेली एक मुलगी. पुढे रंगीत खडूंच्या मोठ्या चित्रांनी त्यांचे नाव युरोपभर झाले. १७२० साली त्या पॅरिसला गेल्या, बालराजा पंधरावा लुई याचे चित्र काढले, आणि तेथील राजमान्य अकादमीनेही त्यांना सामावून घेतले. त्या अविवाहित राहिल्या. बहीण जोव्हान्ना कामात त्यांचा उजवा हात होती.

उतारवयात मात्र दृष्टी गेली. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, थोडे दिवस दिसलेही, आणि पुन्हा अंधार झाला. १७५७ साली त्या निवर्तल्या. ज्या नजरेने केसाएवढी रेघ ओढली, तीच शेवटी साथ सोडून गेली, हे वाचून जीव हळहळला.

आता माझी एक कबुली. सुनेच्या भरतकामाला मी एकदा फावल्या वेळचा चाळा म्हटले होते. ती काही बोलली नाही. डोळे बरे झाल्यावर तोच रुमाल उजेडात धरून पाहिला. एकेक टाका तांदळाच्या कणीएवढा, आणि एकही वाकडा नाही! त्या संध्याकाळी तिला जवळ बसवून, मी चुकले, असे सांगितले. रोझाल्बाबाईंची गोष्टही तिलाच पहिल्यांदा सांगितली.

यंदाच्या वर्धापनदिनी तो रुमाल प्रदर्शनात मांडला आहे. भगिनींनी तो अवश्य जवळून पाहावा.