तीन समुद्रांपलीकडचा यात्रेकरू

रशियन साहित्य म्हटले की टॉलस्टॉय व दोस्तोयेव्हस्की ही नावे आपणांस आठवतात. परंतु त्या साहित्याच्या प्राचीन ग्रंथांपैकी एकात आपले चौल, जुन्नर व दाभोळ यांचे वर्णन आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हा तो ग्रंथ आणि अफनासी निकीतिन हा त्याचा कर्ता.

निकीतिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातील व्यापारी. इ.स. १४६६ च्या सुमारास तो व्यापारासाठी निघाला. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. रिकाम्या हाताने घरी न परतता तो बाकू, इराण व होर्मूझ या मार्गाने पुढे गेला आणि विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ साली, म्हणजे त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी.

जुन्नरला त्याने पावसाळा काढला. चार महिने सर्वत्र पाणी व चिखल, आणि त्याच दिवसांत चाललेली नांगरणी व पेरणी त्याने टिपून ठेवली. बहामनी राज्यातील सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतील रयत मात्र दैन्यात जगते, ही विसंगती त्याच्या नजरेतून सुटली नाही.

जुन्नरमध्येच त्याच्या विश्वासाची कसोटी लागली. तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदलल्यास घोडा व एक हजार सुवर्णनाणी, न बदलल्यास घोडा जप्त आणि वर दंड, असा पेच घालून त्याने चार दिवसांची मुदत दिली. परमुलखात त्याला कोणाचा आधार नव्हता. त्याने प्रार्थना केली. प्रभूच्या सणाच्या दिवशी खोरासानचा मुहम्मद नावाचा एक अधिकारी तेथे आला व त्याने निकीतिनसाठी रदबदली केली. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. संकटातून सोडवणारा हा माणूस स्वतः मुसलमान होता, हे विसरता कामा नये.

पुढे बीदर येथे त्याचे वास्तव्य झाले. पुस्तके नसल्यामुळे पुनरुत्थानाचा सण केव्हा येतो हे त्याला कळेना. तो अंदाजाने दिवस धरी, मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपला उपास करी आणि आपण वाट चुकलो की काय, या विचाराने व्याकूळ होई. अखेरच्या पानांतील प्रार्थना त्याने अरबी, फारसी व तुर्की शब्दांच्या मिश्रणात लिहिली. तिच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ख्रिस्ती देशाची त्याची ओढ ग्रंथभर जाणवते.

दाभोळहून जहाजाने तो परत निघाला. होर्मूझ, तब्रीझ व काळा समुद्र ओलांडून तो मायदेशाच्या वाटेला लागला. पण त्वेर गाठण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ, त्याला मरण आले. त्याची टिपणे मॉस्कोला पोहोचली व बखरीत समाविष्ट झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझीन याने ती पुन्हा उजेडात आणली. २००२ साली चौललगतच्या रेवदंडा येथे त्याचे स्मारक उभारण्यात आले.

निकीतिन संत नव्हता, धर्मोपदेशकही नव्हता. मंडळी नाही, पाळक नाही, पुस्तक नाही, अशा स्थितीत शंकांसह प्रार्थना करीत राहिलेला तो एक साधा विश्वासणारा होता. एकाकीपणी विश्वास जपणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणूनच जवळचा वाटावा.