हाफकिन आणि उंडेऱ्यातली निम्मी माणसे

हाफकिन हे नाव आपल्याकडे पोलिओच्या डोसामुळे आणि सर्पदंशावरच्या औषधामुळे ओळखीचे झाले. परळची संस्था बहुतेकांना माहीत असते, पण ज्यांच्यावरून तिला हे नाव मिळाले ते वाल्देमार हाफकिन फारसे कोणाला आठवत नाहीत. आठवलेच तर प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून आठवतात. त्यांचे दुसरे काम मात्र आजच्या संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे आहे. लस टोचलेला माणूस वाचला, तर तो लसीमुळे वाचला की नशिबाने, हे कसे ठरवायचे? हा प्रश्न त्यांनी मुंबईच्या तुरुंगात आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात सोडवायचा प्रयत्न केला. त्यासाठी लागणारे गणित तेव्हा अजून तयार व्हायचे होते.

जन्म १५ मार्च १८६० चा, ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबातला. तिथल्याच विद्यापीठात ते मेचनिकोव यांच्या हाताखाली शिकले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेही आधी ग्रंथपालाचे साहाय्यक म्हणून. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले, कारण कॉलरा इथे होता.

कलकत्त्यातल्या काट्टल बागान वस्तीत १८९४ साली त्यांना पहिला ठळक पुरावा मिळाला. सुमारे दोनशे लोकांच्या त्या वस्तीत ११६ जणांनी लस घेतली. नंतर कॉलऱ्याने सात जण दगावले आणि सातही जण लस न घेतलेले होते. एखादा वैद्य असता तर एवढ्यावरच जाहिरात करून मोकळा झाला असता. हाफकिन दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी मांडत राहिले. लस घेतलेल्यांपैकी किती वाचले, एवढेच सांगून काही कळत नाही. न घेतलेल्यांचे काय झाले, हे सोबत हवेच.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवीत प्लेगचा रोगी सापडला आणि मुंबई हादरली. पुढच्या काही वर्षांत गाठीचा ताप रेल्वेच्या वाटेने राज्यभर पसरला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १८९७ च्या मार्चमध्ये गेल्या आणि त्याच जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. आपला सोलापूर जिल्हाही या साथीतून सुटला नाही. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, ही आठवण जुन्या घरांतून आजही सांगितली जाते.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबरात मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, लगतची पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झाले. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवायचे होते. लोकांच्या भावना लक्षात घेऊन रस्सा बकऱ्याच्या मांसाचा केला. त्यावर तुपाचे थेंब सोडले की थेंबाला लटकून जंतूंच्या बारीक लोंब्या खाली वाढतात, हे त्यांनी हेरले. वाढलेले जंतू उष्णतेने मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला नेहमीपेक्षा मोठा डोस टोचून घेतला. ताप आला, दुखले, बरे झाले.

हे धाडस मोठेच होते, पण त्यातून एवढेच कळले की लसीने हा एक माणूस मेला नाही. ती प्लेग रोखते का, हे एका माणसावरून, तेही प्लेग न झालेल्या माणसावरून, कळणे शक्य नव्हते.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी आपणहून लस घेतली, त्याहून थोडे अधिक कैदी तसेच राहिले. अन्न, पाणी, भिंती सारख्याच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला कोणी नाही.

पुरावा पुरेसा वाटतो ना? मग आपण संशयी माणसाच्या बाजूने बोलून पाहू. समजा, लस म्हणजे नुसते पाणी आहे. संख्याशास्त्रात या गृहीताला शून्य गृहीतक म्हणतात. ते खरे असेल, तर एकूण १४ आजाऱ्यांपैकी सहा-सात लस घेतलेल्यांत निघायला हवे होते. निघाले दोन. आजच्या पद्धतीने हिशेब केला, तर इतका किंवा याहून एकतर्फी निकाल निव्वळ योगायोगाने शंभरात एक-दीड वेळा लागतो. म्हणजे योगायोग अवघड आहे, पण अशक्य नाही. शिवाय एक मोठी फट आहे. लस घेणारे कैदी आपणहून पुढे आले होते. धीट, धडधाकट माणसेच पुढे आली असली तर? ही फट कितीही मोठ्या आकड्याने बुजत नाही. ती बुजवायची तर माणसे निवडण्याची रीतच बदलावी लागते.

हाफकिन यांनी ती बदलली. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचले. कोण धीट, कोण भित्रा, याचा संबंधच उरला नाही. मग फेब्रुवारी १८९८ मध्ये आले बडोदा संस्थानातले उंडेरा. तिथे प्लेग सुरू झाला होता. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांत जाऊन प्रत्येक कुटुंबाचे जवळपास दोन सारखे भाग केले आणि एकाच भागाला लस दिली. म्हातारे, मुले, बायका दोन्हीकडे सारखे येतील असे पाहिले. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवणारी माणसे, फरक फक्त सुईचा.

ज्या घरांत पुढे प्लेग शिरला, तिथली लस घेतलेली माणसे ७१ होती. त्यांच्यापैकी ८ आजारी पडली, ३ गेली. त्याच घरांत लस न घेतलेली ६४ होती. त्यांच्यापैकी २७ आजारी पडली आणि २६ गेली.

हे आकडे योगायोगाने येतील का, ते स्वयंपाकघरात करून पाहता येईल. १३५ शेंगदाणे घ्या, सोलापुरात त्यांची वाण नाही. त्यातल्या २९ दाण्यांवर शाईचा ठिपका द्या, हे एकूण मृत्यू. डबा हलवा, न पाहता ७१ दाणे काढा आणि त्यात ठिपक्याचे किती आले ते लिहून ठेवा. दाणे परत टाकून पुन्हा काढा. असे शंभर वेळा केले की वहीत आकड्यांचा एक ढीग दिसू लागेल. मध्यभागी १५ च्या आसपास गर्दी, ११ च्या खाली आणि २० च्या वर तुरळक. लस निकामी असती तर निकाल कुठे कुठे पडू शकले असते, त्याचा हा नकाशा आहे. पाठ्यपुस्तकात त्याला नमुना वितरण असे जड नाव आहे. आता उंडेऱ्याचा आकडा, ३, या नकाशावर शोधा. शंभर वेळा काय, दहा लाख वेळा दाणे काढले तरी तो एकदाही निघेल याची खात्री नाही. योगायोगाची सबब इथे संपते.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. या हिशेबाने लस इतके इतके टक्के खरी ठरते असे नाही. नुसत्या नशिबाचे स्पष्टीकरण टिकत नाही, इतकेच तो सांगतो. नोंदीत गफलत असेल, वाटणीत पक्षपात असेल, तर हिशेब कितीही सुंदर आला तरी फसवतो. हिंदुस्थानच्या प्लेग कमिशनने हाफकिन यांच्या इतर ठिकाणच्या आकड्यांवर हाच आक्षेप घेतला. लोक गाव सोडून जात होते, लस घेतलेल्यांची संख्या रोज बदलत होती, मग टक्के काढायचे कशावर? लसीने आजार आणि मृत्यू दोन्ही कमी होतात हे मात्र कमिशनने मान्य केले. माझ्या मते आक्षेप रास्त होता. लसीच्या यशाचे हाफकिन यांनी सांगितलेले आकडे त्यांच्या सगळ्या नोंदींना पेलवणारे नव्हते.

आणि उंडेऱ्यातले ते २६ जण? त्यांच्यापैकी बरेच केवळ वाटणीत दुसऱ्या बाजूला पडले म्हणून गेले, असे आज आपण म्हणू शकतो. तेव्हा ते ठाऊक नव्हते, म्हणूनच प्रयोग होता. तरी आजच्या नियमांत माणसाची लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी यांशिवाय अशी चाचणी होऊ शकत नाही, हे बरेच आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती, उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. हा योगायोग नव्हे हे सांगायला गणित लागत नाही. बाटली दूषित होती. प्रश्न होता कुठे झाली, परळला की मलकोवालात? चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता, ही गोष्ट नंतर वजनदार ठरली. १९०७ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त होऊन कलकत्त्याला परतले, पण मोठ्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना परत मिळाली नाही.

दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का, हे मोजण्याची कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग कसोटी १९०० साली आली होती. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसींचे आकडे तिच्यावर तपासले आणि दोन गट खरेच तुलना करण्याजोगे कधी मानायचे, याच्या अटी लिहून काढल्या. हाफकिन त्याआधीच निवृत्त होऊन हिंदुस्थान सोडून गेले होते. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले.