वळणावर न कलणारी मोटार

वळणावर मोटार बाहेरच्या बाजूला कलते. डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, आतला कान मात्र हालचाल टिपतो. या विसंगतीतून मागे बसलेल्यांना मळमळते. घरगुती मोटारीचा हा झोल कमी करणाऱ्यांत अ‍ॅलेक इसिगोनिस यांचे नाव मोठे आहे.

१९०६ साली स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे त्यांचा जन्म झाला. युद्धामुळे घर सुटले, वडील वारले आणि आईसह ते इंग्लंडला आले. बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये ते गणितात तीनदा नापास झाले, पण चित्रकलेत हात पक्का होता.

१९५९ च्या मिनीत त्यांनी अवघ्या १० इंची रिमची चाके अगदी चार कोपऱ्यांत नेली. गाडीचे वजन जमिनीलगत आले. अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू बसवले. दाब वाढेल तसे रबर अधिक कडक होते, म्हणून गाडी वळणावर फार कलत नसे. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली.

याची किंमत कंबरेने मोजली. खड्ड्याचा हादरा थेट मणक्यापर्यंत पोचे. इसिगोनिस १९८८ मध्ये निवर्तले. गाडीचे सस्पेन्शन कडक करून घेणाऱ्यांपुढे मात्र हिशेब आजही तोच आहे: झोल कमी, हादरे जास्त.