मास्तर व्हायचं, पण खायचं काय?

'कमवा व शिका' योजनेतून लायब्ररीत पुस्तकं लावणारी पोरं तुम्ही रोज बघता. मीही त्यातलाच. त्या योजनेच्या फॉर्मवर कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव असतं. आपण सही करतो, पैसे घेतो, मेसचं बिल भरतो आणि ते नाव विसरून जातो. माझी थोरली बहीण डी.एड. झालेली. तिची फी घरच्यांनी कशीबशी भरली, पण तालुक्याच्या गावी खोलीभाडं आणि दोन वेळचं जेवण फीपेक्षा जड गेलं. म्हणून अण्णांचं चरित्र वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीवर अडकलं. मास्तर व्हायला निघालेल्या गरीब पोराच्या पोटाची सोय त्यांनी कशी केली?

(अण्णा म्हणजे भाऊरावच. त्यांची मुलं त्यांना अण्णा म्हणत.)

जन्म २२ सप्टेंबर १८८७, कोल्हापूर जिल्ह्यातलं कुंभोज. घराणं जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिकायला कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. आपल्याकडे रेक्टरशी वाद झाला की दोन दिवस चर्चा चालते. इथे पोराचं छप्परच गेलं. पुढे शाहू महाराजांनी आसरा दिला. महाराजांनी जातीजातींसाठी काढलेली वसतिगृहं अण्णांनी जवळून पाहिली. सगळ्या जातींचं एकच वसतिगृह काढायचं, हा विचार तिथूनच आला असावा, असं मला वाटतं.

शिक्षण मॅट्रिकच्या आतच संपलं. साताऱ्यात शिकवण्या केल्या. कोल्हापुरातल्या पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तुरुंग भोगला. मग आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना जवळची वाटेल अशी नोकरी केली. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवले, पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात गेले. तिथे मतभेद होऊन बाहेर पडले. पण नांगर विकायला गावोगाव फिरलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही हे पक्कं कळलेलं होतं. रोख पैसा नव्हता. धान्य थोडं होतं, हातपाय होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. १९२७ साली गांधीजी येऊन गेले, आणि त्यांच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. खर्च चालायचा कसा? घरोघरून मूठमूठ धान्य गोळा करायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. मुलं स्वतः दळायची, रांधायची, शेतात राबायची. तरी पुरत नसे. मग लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. मुलं त्यांना वहिनी म्हणत. १९३० साली त्या वारल्या. या गोष्टीचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र ती वाचताना जरा अवघडायला होतं. एका बाईच्या गळ्यातलं विकून बोर्डिंगची चूल पेटते, याचा अर्थ ती पेटवायची जबाबदारी ज्यांची होती ते कुठेतरी झोपलेले होते.

आता मुख्य मुद्दा. खेड्यातलं पोर सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालं की मास्तर होऊ शकत होतं. पण नीट ट्रेनिंग घ्यायचं तर शहरात राहायचं, आणि तेवढे दिवस घरी कमावता हात कमी. १९३५ साली अण्णांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. पंचम जॉर्जच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली होती, त्याचं ते नाव. सत्यशोधकी वळणाच्या खादीवाल्या माणसाने राजाच्या ज्युबिलीचं नाव घ्यावं याचं मला आधी नवल वाटलं. मग वाटलं, मान्यता आणि अनुदानाच्या दारावर थाप मारायला याहून सोयीचं नाव तेव्हा दुसरं नव्हतं! हा आपला माझा तर्क.

शिकाऊ मास्तरांनाही तोच नियम: राहा, राबा, शिका. १९३८ पासून 'व्हॉलंटरी' शाळा निघाल्या, पहिली साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला. ज्या गावात शाळा नाही तिथे गावाने जागा द्यायची, मग ते देऊळ असो की चावडी, आणि रयतचा मास्तर तिथे जायचा. म्हणजे ट्रेनिंग घेणाऱ्याला पुढे काम तयार आणि गावाला मास्तर तयार. पगार तुटपुंजा होता, हेही सांगायला हवं. आजही ते पूर्ण सुटलेलं नाही. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, आणि प्राथमिकचं ते मानधन ६००० वरून १६००० व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

बायकांसाठी १९४२ साली जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं. पुढच्या शिक्षणासाठी कर्ज देणारी पतपेढी लक्ष्मीबाईंच्या नावाने सुरू झाली. नोकरी लागल्यावर पोराने पैसे परत करायचे, म्हणजे मागच्याची सोय होते.

पण नुसत्या घामावर हे सगळं चालत होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अण्णांनी सरकारवर उघड टीका केली आणि १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. शेकडो मास्तरांचे पगार त्यावर अवलंबून होते. शेवटी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. त्याच काळात अण्णांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला होता. माणूस हट्टीच!

१९५५ साली बी.एड.साठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघालं. १९५९ साली पद्मभूषण मिळालं, आणि मॅट्रिक न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहं, १०८ माध्यमिक शाळा आणि तीन कॉलेजं होती. मास्तर घडवणारी ट्रेनिंग कॉलेजं होती सहा.