वऱ्हाडातील कोरीव पाषाणाचे छायाचित्रकार हेन्री कझिन्स

वाशीम : पाषाणावरील कोरीव काम ऊन-पावसाने झिजते, एकदा पुसट झाले की मूळ रूप कळण्यास जुन्या छायाचित्राखेरीज आधार उरत नाही. असा आधार मागे ठेवणाऱ्यांत हेन्री कझिन्स (१८५४-१९३३) अग्रगण्य होत.

१८८१ मध्ये ते जेम्स बर्जेस यांचे सहायक म्हणून पुरातत्त्व खात्यात आले आणि १८९१ ते १९१० या काळात पश्चिम विभागाचे प्रमुख राहिले. विजापूरच्या इब्राहिम रोझ्याच्या खिडक्यांत अरबी अक्षरांचीच दगडी जाळी कोरलेली आहे. अशी नक्षी हाताने उतरवताना चूक संभवते. म्हणूनच मोजमापे व आराखड्यांच्या जोडीला त्यांनी छायाचित्रे दिली. त्यांचा विजापूरवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

विजापूरची कीर्ती नसलेल्या वऱ्हाडातही त्यांनी हाच साक्षेप राखला. बुलडाणा जिल्ह्यातील रोहिणखेडची १५८२ ची कोरीव मशीद त्यांनी टिपली. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरही टिपले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची त्यांची सूची १८९७ मध्ये निघाली.

१९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाला आणि शिरपूर त्यात आले. सीमा बदलल्या, दगडही झिजत आहे. कझिन्स यांची छायाचित्रे मात्र त्याचे पूर्वरूप सांगत आहेत.