दैव आणि निर्धार

मनात चांगले चिंतावे, म्हणजे आयुष्यात चांगलेच घडते, असा उपदेश हल्ली वारंवार कानी पडतो. ज्या जिल्ह्याने आता अहिल्याबाई होळकरांचे नाव धारण केले आहे, त्याने तरी तो त्यांच्याच चरित्रावर पारखून घ्यावा.

जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या या बाईंच्या वाट्याला काय आले? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला सासरे मल्हाररावांनी परावृत्त केले. १७६६ मध्ये तेही गेले. पाठोपाठ १७६७ मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव. १७९१ मध्ये जावई निवर्तले आणि आईची विनवणी न मानता कन्या मुक्ताबाई सती गेली. बाईंच्या चिंतनात काही उणे होते म्हणून हे घडले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

परंतु त्या शोकाला कवटाळून बसल्या नाहीत. १७९५ मध्ये देहावसान होईपर्यंत महेश्वरी राहून त्यांनी राज्यकारभार पाहिला. रयतेच्या फिर्यादी जातीने ऐकल्या, विणकरांना आश्रय दिला, काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, ठिकठिकाणी घाट व धर्मशाळा बांधल्या.

विचाराने मृत्यू टळत नाही; मागे उरलेल्या दिवसांचे काय करावयाचे, एवढे मात्र तो ठरवू शकतो. म्हणूनच दुःखिताला त्याच्या मनातील दोष दाखविणे हा अन्याय होय. आणि सारा भार दैवावर टाकून स्वस्थ बसणे हा पळपुटेपणा.